पाणी डाव्या हाताला

माझ्या सासऱ्यांचं डोकं ठिकाणावर नाही, हे मी वहीत तक्ता आखून, लाल शाईनं खुणा करून सिद्ध केलं होतं. आता सांगायला लाज वाटते. पण सांगायला बसलेच आहे तर सगळंच सांगते, अर्धवट सांगायची मला सवय नाही.

मी बस डेपोत वेळापत्रकं बनवते. कुठली गाडी किती वाजता सुटायची, कुठं किती थांबायची, कुणाची पाळी कधी संपायची, सगळं माझ्या टेबलावर ठरतं. चौदा वर्षं हेच करतेय. नवरा जहाजावर यंत्रं सांभाळतो. आठ महिने तिकडे, चार महिने घरी, आणि घरी असला तरी अर्धा तिकडेच. सासरे राहतात समुद्राजवळ, एका जुन्या कालव्याच्या तोंडाशी. लग्नाला सहा वर्षं झाली, तेवढ्यात मी तिथं चारदा गेले असेन, तेही दोन-दोन दिवस, पाहुणीसारखी. सासूबाई होत्या तोवर सगळं हातात आणून द्यायच्या आणि मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. दीड वर्षापूर्वी त्या गेल्या आणि बाबा एकटे उरले.

कालवा दोनशे वर्षांपूर्वी माणसांनी फावड्यांनी खणलेला. आतल्या गावांतून लाकूड आणि कौलं होडीनं समुद्राकडे यायची, समुद्राकडून मीठ आत जायचं. आता त्यातून काही येत नाही नि काही जात नाही. सुट्टीच्या दिवशी हौशी लोक दोन-चार होड्या आणतात, बाकी काठानं फिरायला येणारी माणसं. कालवा-कचेरीनं पाटी लावलीय: ‘ऐतिहासिक कालवा. सोपी पायवाट. जाऊन-येऊन दीड तास. मुलांसाठी व ज्येष्ठांसाठी योग्य.’ त्या पाटीवर बाबांचा भारी राग. "सोपी म्हणे," ते म्हणायचे, "एकेचाळीस वर्षं चाललो मी या काठानं. तेव्हा कुणी सांगितलं नाही सोपी आहे म्हणून."

बाबा कालव्याच्या समुद्राकडच्या दाराचे दारवान होते. अख्खा काठ त्यांना ‘दारवाले’ म्हणूनच ओळखतो. अकरा वर्षांपूर्वी दार उघडायला-लावायला मोटार बसली आणि बाबा निवृत्त झाले. पण दाराशेजारचं दोन खोल्यांचं दगडी घर कचेरीनं त्यांच्याकडेच राहू दिलं. अट एकच. माणूस नीट राहू शकतो असं डॉक्टरचं पत्र दरवर्षी द्यायचं. पत्र नाही, तर घर नाही.

यंदा त्या पत्राआधीच बाबा शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हात गळ्यात. कुणीतरी जाऊन राहायला हवं होतं. ताई, म्हणजे माझी नणंद, सात तासांवरच्या गावात शाळेची मुख्याध्यापिका. परीक्षा तोंडावर, तिला हलता येईना. माझी रजा साठलेली होती. ताई फोनवर म्हणाली, "तू सहा आठवडे काढ, मग मी त्यांना कायमचं माझ्याकडेच घेऊन येते. झालं तेवढं पुरे झालं." प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जेवण, झोप, बाहेर जाणं, सगळं वेळेनिशी लिहून ठेवा. पत्र देण्याआधी मला बघायचंय." वेळेनिशी लिहून ठेवा, हे मला सांगायला हवं होतं का? आंधळा मागतो एक डोळा, असं झालं. दुसऱ्या दिवसापासून वही सुरू.

आणि काय सांगू, पहिल्या आठवड्यातच माझं डोकं फिरायची वेळ आली.

सोमवारी बाबा सकाळी सव्वासातला काठानं चालायला गेले. बरं म्हटलं, म्हातारी माणसं जातात सकाळी फिरायला. मंगळवारी मी सातलाच चहा करून ठेवला, तर हे आठ वाजून गेले तरी बसलेले. बुधवारी नऊ. रविवारी दुपारी भर उन्हात निघाले. जेवण कधी दहाला, कधी तीनला. चालून आले की जेवायचे, जेवले की झोपायचे, मग ती झोप सकाळी अकराची असो की संध्याकाळी पाचची. एकदा संध्याकाळी सहाला फिरायला गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला पुन्हा पायात बूट. मी म्हटलं, "बाबा, काल तर संध्याकाळी गेला होतात." ते म्हणाले, "हो, आता सकाळचं धरायचं." एवढं बोलून गेले. मी आपली किटली हातात घेऊन उभी.

त्यात ते घड्याळ. स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला एक गोल घड्याळ आहे. ते सदा चुकीचं. मी पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून नीट लावलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा मागं. मी लावलं. पुन्हा मागं. चौथ्या दिवशी मी बाबांना रंगेहाथ पकडलं. गळ्यात हात अडकवलेला माणूस स्टुलावर चढून डाव्या हातानं काटे मागं फिरवतोय. "बाबा, उतरा आधी. पडलात तर दुसरा हातही जाईल." ते मुकाट्यानं उतरले आणि म्हणाले, "तुझं बाहेरच्या खोलीत आहे ना घड्याळ. हे राहू दे." मी त्या रात्रीच्या पानावर लिहिलं, ‘घड्याळ बिघडवतात’, आणि खाली दोन रेघा मारल्या.

नवऱ्याला फोन लावला. जहाजावर फोन लागणं म्हणजे नशीब. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, बाबा तसेच आहेत."

"तसेच म्हणजे कसे?"

"म्हणजे तसेच. पहिल्यापासून." आणि फोन कटला. या घराण्यातल्या पुरुषांना प्रत्येक शब्दाला पैसे पडतात की काय, देव जाणे.

मी तक्ता मांडला. सोमवार ते रविवार सात रकाने, खाली आठवडे. आमच्या कामात असंच पाहतात. सोमवारची गाडी सोमवारशी ताडायची, रविवारची रविवारशी. बाबांचा पहिला सोमवार सव्वासात, दुसरा सोमवार एक, तिसरा सकाळी साडेसहा. कुठं म्हणून मेळ नाही. तीन आठवडे झाल्यावर मी ताईला कळवलं की तुमचं बरोबर आहे, यांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही. ताई रडली आणि म्हणाली, "मी खोली करून ठेवते." तो फोन ठेवताना मला वाईट वाटलं, पण खरं सांगू? बरोबर ठरल्याचं थोडं बरंही वाटलं. तेवढी मी वाईट आहेच.

चौथ्या आठवड्यात एकदा मी त्यांच्या मागोमाग निघाले. म्हटलं, जातात तरी कुठं आणि करतात तरी काय. ते दाराच्या पायऱ्यांपाशी थांबले, खाली पाण्याकडे पाहिलं, मान हलवली आणि काठानं चालू लागले. मी दारापाशी पोचले आणि तिथं, मोटारीच्या पेटीवर, खिळ्याला अडकवलेला एक कागद दिसला. छापील वेळापत्रक. आता छापील वेळापत्रक वाचल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, हा धंद्याचा रोग आहे. हौशी होडीवाल्यांसाठी लावलेल्या भरतीच्या वेळा होत्या. सोमवार सात. मंगळवार सात पन्नास. बुधवार आठ पस्तीस. मी पर्समधून वही काढली. खाली मागच्या महिन्याचा कागदही होता, तो बोटानं सरकवून सरकवून पाहिला. बाबा रोज भरतीनंतर पंधरा मिनिटांनी निघत होते. रोज. चोवीस दिवसांत एकदाही चूक नाही. माझ्या डेपोतली एक गाडी अशी धावली तर मी पेढे वाटेन.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे मला शाळेत शिकवलं असणार. पण मी बघत होते सोमवार आणि सोमवार. समुद्राला सोमवार कुठला? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी काठानं पळतच त्यांना गाठलं.

"बाबा, तुम्ही भरतीवर चालता?"

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "मग कशावर चालणार?"

मग त्या दिवशी, चालता चालता, त्यांनी सांगितलं. भरतीला समुद्राचं आणि कालव्याचं पाणी एका पातळीला येतं. तेव्हाच दार उघडायचं, होड्या आतबाहेर करायच्या आणि ओहोटी लागायच्या आत बंद करायचं. नाही केलं तर कालवा समुद्रात रिकामा. दिवसाला दोन भरत्या, दोन्हींना हजर. आणि दार लावलं की काठ तपासायचा, वरच्या दारापर्यंत अडीच किलोमीटर आणि परत. कारण भरतीनंतर काठावर पाण्याचा दाब सगळ्यात जास्त. खेकडे, घुशी बिळं करतात, तिथून पाणी झिरपतं, आणि एका बोटाएवढ्या भोकातून रात्रीत अख्खा काठ वाहून जातो. निवृत्तीनंतर त्यांनी दोनपैकी एकच भरती ठेवली, दिवसाउजेडी येणारी. ती सरकत सरकत संध्याकाळवर गेली की मग दुसरी, सकाळची धरायची. एवढं साधं होतं ते.

"पण आता दाराला मोटार आहे ना?" मी म्हटलं.

"दाराला आहे. काठाला कुठं आहे?"

मी इतके दिवस बघत होते, फिरायला आलेली माणसं पाण्याकडे बघत चालतात. बाबा उलट बाजूला बघत होते, काठाच्या बाहेरच्या उतारावर, शेताच्या बाजूला. "पाण्याकडे काय बघायचं? ते आहे तिथंच आहे. ते बाहेर कुठं डोकावतंय का, ते बघायचं." एका ठिकाणी त्यांनी बुटाच्या टाचेनं माती दाबून पाहिली आणि पुढं निघाले. दर सुट्टीला तिथून पन्नास माणसं जात असतील. कुणालाही ठाऊक नसेल की त्यांच्या पायाखालची जमीन एक म्हातारा रोज तपासून ठेवतो.

आणि घड्याळ? ते सासूबाईंचं. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्या महिन्यात त्यांचा जीव मेटाकुटीला आला. नवरा आज दहाला जेवतो, उद्या अकराला, परवा बाराला. मग त्यांनी नामी युक्ती काढली. स्वयंपाकघरातलं घड्याळ रोज पन्नास मिनिटं मागं करायचं. म्हणजे त्या घड्याळात जेवण रोज बाराच्या ठोक्याला. बाहेरच्या खोलीत मुलांच्या शाळेचं घड्याळ, आत भरतीचं. "ती म्हणायची, माझ्या घरात रोज बारालाच जेवण होतं, समुद्राला काय करायचं ते करू दे." बाबा हसले. सहा वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "आता जेवायला मी एकटा. पण ते मागं केलं नाही तर स्वयंपाकघरात शिरवत नाही."

मला तिथंच रडू आलं. मी त्या घड्याळाचे काटे रोज पुढं ढकलत होते. रोज त्यांच्या बायकोची खूण पुसत होते आणि वर वहीत दोन रेघा मारत होते. मी म्हटलं, "बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

त्या आठवड्यात नवऱ्याचा फोन लागला तेव्हा मी त्याची अशी हजेरी घेतली की जहाजावरच्या बाकीच्यांनीही ऐकली असेल. तो म्हणाला, "अगं, मला दहावीपर्यंत वाटायचं सगळ्यांच्याच घरी दोन घड्याळं असतात."

मी ताईला कळवलं की थांबा, घाई करू नका, मी सगळं नीट मांडून दाखवते. ती म्हणाली, "सहा आठवडे भरतील त्या रविवारी येतेच आहे. सोमवारी डॉक्टरांकडेही येते. बघू काय मांडतेस." आवाजात धार होती. बरोबर आहे, तीन आठवड्यांत सुनेनं दोन तोंडांनी बोलावं म्हणजे कुणालाही राग येईल.

चार दिवस मी बाबांबरोबर चालले. मग डेपोतून फोन आला. नव्या हंगामाचं वेळापत्रक अडलंय, घरून करून द्या. मी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर कागद पसरले आणि बसले. बाबा निघाले की मी मान वर न करता वहीत वेळ टाकायची. सवयीनं. आता काळजी नव्हती ना. स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडेही मी बघणं सोडलं होतं.

शनिवारी दुपारी, ताई यायच्या आदल्या दिवशी, मी डॉक्टरीणबाईंसाठी पेन्सिलीनं स्वच्छ तक्ता करायला घेतला. डावीकडे भरतीची वेळ, उजवीकडे बाबा निघाल्याची वेळ, शेवटी फरक. पंधरा मिनिटं. पंधरा. सोळा. चौदा. माझा ऊर नुसता भरून येत होता. म्हटलं, बघा म्हणावं, हा माणूस वेडा नाही, हा माणूस समुद्रावर चालतो. पंधरा. पंधरा.

मग चाळीस.

मला वाटलं, मी चुकीचं लिहिलं असेल. पुढचा दिवस पंधरा. मग एक तास दहा. मग एक दिवस कोरा, ते गेलेच नव्हते, आणि मी त्या दिवशी गाड्यांच्या पाळ्या जुळवत होते. मग एका दिवशी दोनदा गेलेले, दुसरी फेरी ओहोटीला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. घड्याळ जिथं असायला हवं त्याच्या कितीतरी मागं होतं. दोनदा मागं केलं असणार, कदाचित तीनदा.

मी परत टेबलाशी येऊन बसले. सोमवारशी सोमवार ताडून जे मला कधीच सापडलं नसतं, ते आता माझ्याच अक्षरात समोर होतं. पहिली वही खोटी होती म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या होत्या. ही खरी होती. आणि हा कागद ताईला दाखवला तर बाबांचं घर गेलं, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. रबर हाताशी होतं. शेवटचे बारा दिवस खोडून पंधरा-पंधरा लिहायला मला पाच मिनिटं लागली नसती. मी रबर उचललंही, खोटं कशाला बोलू.

"चुकतंय ना?"

बाबा दारात उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. ते येऊन समोरच्या खुर्चीत बसले, प्लास्टर नुकतंच निघालेलं, बारीक झालेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळत.

"सूनबाई, तू आकड्यांची माणूस. मला सरळ सांग. चुकतंय ना?"

"हो, बाबा."

"किती?"

मी तक्ता त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, कचेरीचा कागद वाचावा तसा, बोट ठेवून. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. परवा काठावर मध्येच उभा होतो आणि मी जातोय की परत येतोय, तेच कळेना."

"मग काय केलंत?"

"पाण्याकडे पाहिलं. पाणी डाव्या हाताला असलं तर मी वरच्या दाराकडे जातोय. उजव्या हाताला असलं तर घरी येतोय. डाव्या हाताला होतं. मग गेलो." हे ते इतक्या सहज बोलले, की मी रडणंसुद्धा विसरले. थोड्या वेळानं त्यांनी रबर माझ्या पुढ्यातून उचललं आणि खिडकीत ठेवलं. "मोठीला खोटं सांगू नकोस. ती लहानपणापासून खोटं पकडते."

रविवारी ताई आली ती मोठी रिकामी बॅग घेऊनच, बाबांचे कपडे भरायला. दुपारी तीन पंचविसाला भरती होती. मी बाबांना म्हटलं, "बाबा, चला, झाली वेळ," आणि तिघंही निघालो. काठावर मी ताईला सगळं सांगितलं, आधीची चूक, मग खरं, मग हे शेवटचे बारा दिवस. तक्ता तिच्या हातात दिला. ती चालता चालता वाचत होती आणि तिचा चेहरा लाल होत होता.

"मग आणखी काय बघायचं राहिलं?" ती थांबून म्हणाली. "उद्या कालव्यात पडले म्हणजे कळेल तुम्हाला? बाबा, मी तुम्हाला आज घेऊन जाणार. माझं घर आहे, डॉक्टर गल्लीत आहे, दुपारी मोलकरीण असते. मला रात्र रात्र झोप लागत नाही, ठाऊक आहे तुम्हाला?" मला आजवर ताई कडक वाटायची. त्या दिवशी कळलं की ती घाबरलेली होती, दीड वर्ष घाबरलेली होती.

बाबा काठाच्या उताराकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "तुझ्या घरापासून बाजारात जायला किती वळणं आहेत?"

"आता ते कशाला?"

"सांग तर."

ताईनं मनात मोजलं. "पाच-सहा असतील."

"तिथं मी विसरलो ना बाळ, तर हरवेन. तू शाळेत असशील आणि मी कुठल्यातरी गल्लीत उभा असेन. इथं एकच वाट आहे. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला शेत. इथं विसरलो तर नुसता विसरेन."

ताईनं तोंडावर पदर धरला. ती माझ्यासमोर कधी रडलेली नव्हती, फोनवर सोडून. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्या बारीक झालेल्या मनगटाचा. बाजूनं फिरायला आलेलं एक कुटुंब आमच्याकडे बघत निघून गेलं.

"पण एकटे नाही," ताई शेवटी म्हणाली. "एकटं मी नाही राहू देणार."

"मी राहते," मी म्हटलं. मी ते आधी ठरवलं नव्हतं. किंवा शनिवारीच ठरवलं असेल आणि मला ठाऊक नसेल. "वेळापत्रक कुठंही बसून करता येतं. आठवड्यातून दोनदा डेपोत जाईन, ते दोन दिवस कालवा-कचेरीत एक बाई असतात, त्यांना सांगून ठेवू. नवरा चार महिने घरी असतो, तो इथं असेल. त्याला दोन घड्याळांची सवय आहेच."

बाबा माझ्याकडे वळले. "तू कशाला अडकतेस? तू सून."

"सून आहे म्हणून तुम्हाला विचारतेय. मुलगी असते तर विचारलं नसतं."

ताई रडता रडता हसली. वरच्या दारापर्यंत आम्ही गेलो आणि परत आलो. बाबा एका ठिकाणी थांबले, टाचेनं माती दाबली, म्हणाले, "इथं उद्या पुन्हा बघायला हवं." ताईनंही टाचेनं दाबून पाहिलं.

सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. त्यांनी दोन्ही तक्ते पाहिले, मी केलेला पहिला वेड्यासारखा आणि दुसरा खरा. मग बाबांकडे खुर्ची वळवून प्रश्न विचारायला लागल्या. आज वार कोणता? बाबांना आला नाही. तारीख? नाही. वर्ष बरोबर सांगितलं. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातला एकच राहिला. ताईनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

डॉक्टरीणबाई काही वेळ लिहीत राहिल्या. मग पेन थांबवून म्हणाल्या, "मी खरं तेच लिहिणार. सुरुवात झालीय. औषधानं सावकाश होईल, थांबणार नाही. घराचं पत्र मी एकाच अटीवर देऊ शकते, यांनी एकटं राहायचं नाही." आणि मग, मुद्दाम आम्हाला न विचारता त्यांना विचारलं, "आजोबा, घरी तुमच्याबरोबर कोण असतं?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि थांबले. "ही," ते म्हणाले, "ही माझी..." आणि शब्द येईना. सकाळीच मला सूनबाई म्हणून हाक मारली होती. ते शोधत होते, मला दिसत होतं, माझ्या चेहऱ्यावर शोधत होते. ताई पुढं होऊन सांगणार होती, डॉक्टरीणबाईंनी हातानं तिला थांबवलं. मला वाटलं आता हे मुलगी म्हणतील, नाहीतर बायको म्हणतील, आणि काहीही म्हणाले तरी मी हो म्हणेन.

बाबांनी शोधणं सोडलं. त्यांचा चेहरा एकदम निवांत झाला.

"ही असते," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तेवढंच लिहिलं आणि खाली सही केली.